जिवंतपणीची नोंद

बराकपूर हे नाव मराठी माणसास प्रथम कळते ते शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातून. २९ मार्च १८५७ रोजी येथील कवायतीच्या मैदानावर मंगल पांडे याने बंदूक उचलली, एवढे प्रत्येकास पाठ असते. आम्ही बदलीने इकडे आलेली मंडळीही पहिल्या रविवारी त्याचेच स्मारक शोधीत निघतो, आणि ते पाहून झाले म्हणजे या गावाचे देणे फिटले अशा समजुतीने शियालदहची लोकल धरतो. याच गंगाकाठास दुसराही एक इतिहास आहे. त्यात गोळी सुटत नाही, म्हणून तो पाठ्यपुस्तकात शिरला नसावा. सजीवास तो जिवंत असतानाच न्याहाळावे आणि त्याच्या व्यथेची नोंद त्याच क्षणी करावी, या खटपटीचा तो इतिहास होय. आणि त्याच्या आरंभी उभा असलेला गृहस्थ आम्हा मराठ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे.

तो गृहस्थ म्हणजे गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली ती ज्याच्या राजनीतीमुळे, आणि पुढल्याच वर्षी असईच्या रणांगणावर ज्याच्या धाकट्या भावाने शिंदे व भोसले यांच्या फौजांचा पराभव केला, तोच हा. पेशवाईचा गळा आवळण्याच्या त्या धामधुमीत या माणसास बराकपुरी पशुपक्षी पाळण्याची हौस होती, हे वाचून प्रथम आम्हांस हसू आले. पण ती नुसती हौस नव्हती. १८०४ साली त्याने येथे हिंदुस्थानच्या निसर्गेतिहासाच्या अभ्यासासाठी एक संस्था काढली आणि डॉ. फ्रान्सिस बुखानन या शल्यवैद्यास तिच्यावर नेमले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून प्राणी व पक्षी मागवावयाचे, त्यांना बराकपूरच्या बागेत ठेवावयाचे, त्यांचे तपशीलवार वर्णन लिहावयाचे, आणि देशी चित्रकारांकडून जिवंत प्राण्यावरून चित्र उतरवून ते लंडनला पाठवावयाचे, असा तेथला परिपाठ होता. हालुदार नावाच्या चित्रकाराने बुखाननसाठी काढलेली चित्रे आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्या काळी युरोपातील पंडित भुसा भरलेल्या कातड्यांवरून आणि मद्यार्कात बुडविलेल्या देहांवरून प्राण्यांची वर्णने करीत. कातडे सुकले की रंग जातो, डोळा जातो, मानेचा बाक जातो. बराकपूरच्या चित्रांत तो डोळा राहिला.

संस्था मात्र टिकली नाही. कंपनीच्या संचालकांस वेलस्लीचा खर्च मानवेना. १८०५ साली तो परतला, बुखाननही त्याच्याबरोबर गेला. पिंजरे पुढे बरीच वर्षे राहिले. अलीपूरचे प्राणिसंग्रहालय निघाल्यावर त्यांचेही दिवस संपले. (अलीपुरात मार्च २००६ मध्ये मेलेले अद्वैत नावाचे प्रचंड कासव मूळचे बराकपूरचे, आणि तेही क्लाइव्हच्या पदरचे, असे सांगतात. त्याचा पुरावा कोणी मागू नये. कासव तर साक्षीस येण्यापलीकडे गेले आहे.) बुखानन पुन्हा हिंदुस्थानात आला, बंगालची पाहणी करीत हिंडला, आणि १८१५ साली कायमचा निघाला तेव्हा त्याने काढवून घेतलेली चित्रे सरकारी मालमत्ता म्हणून अडकवून ठेवण्यात आली. सरकारी कचेरीत बसणाऱ्या आमच्या वाचकांस या प्रकाराचे नवल वाटणार नाही. तरीही त्याने हॅमिल्टन हे नाव घेतल्यावर १८२२ साली गंगेच्या माशांवरील आपला ग्रंथ छापलाच. रोहू, कातला आणि बंगाल्यांचा जीव की प्राण असलेला इलिश, यांच्या शास्त्रीय नावांपुढे आज जे ‘हॅमिल्टन, १८२२’ लिहिले जाते, ते त्या ग्रंथामुळे.

या साऱ्या उद्योगात एक उणीव होती. चित्र एका क्षणाचे असते. पिंजऱ्यात आणलेला हरिण घाबरलेला आहे, त्याची छाती लपलपते आहे, हे चित्रात कसे यावे? शिवाय तो घाबरला आहे तो चित्र काढण्यासाठी पकडून आणल्यामुळेच. पाहणाऱ्याच्या पाहण्याचाच पाहिल्या जाणाऱ्यावर भार पडतो. ही अडचण वरवर क्षुल्लक वाटते. जीवशास्त्राची गेली सव्वाशे वर्षे ती सोडविण्यात गेली आहेत असे आम्ही म्हटले, तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक सुधारला आणि सजीवांचे शरीर पेशींचे बनलेले आहे हे सर्वमान्य झाले. पण पेशी स्पष्ट दिसावयाची तर ती आधी मारावी लागे: रसायनात बुडवावयाची, पातळ काप काढावयाचा, रंग चढवावयाचा. तिला उष्णतेने, विषाने वा आघाताने काय झाले, याचा निर्णय मरणोत्तर तपासणीवरून करावयाचा. आमच्या धंद्यातला दाखला द्यावयाचा तर प्रसंग घडत असता ठेवलेली रोजनिशी आणि सर्व आटोपल्यावर वरिष्ठांच्या मागणीवरून तयार केलेला अहवाल यांत जे अंतर असते, तेच येथे होते. अहवाल खोटा असतोच असे नाही. तो व्यवस्थित असतो, हाच त्याचा दोष.

बराकपूरहून लोकलने तासाभरात शियालदहला उतरावे आणि थोडे उत्तरेस चालत राजाबाजाराच्या बाजूस जावे, म्हणजे आज आचार्य प्रफुल्लचंद्रांचे नाव धारण करणाऱ्या, पूर्वीच्या अप्पर सर्क्युलर रस्त्यावर बसु-विज्ञान-मंदिर लागते. जगदीशचंद्र बसू यांनी ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, ते राष्ट्रास अर्पण केले. बसू मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी तारेवाचून विद्युल्लहरी भिंतीपलीकडे पाठवून दाखविल्या, हे पुष्कळांस ठाऊक असते. त्या लहरी टिपणाऱ्या धातूच्या ग्राहकाचे एक विलक्षण वर्तन त्यांच्या ध्यानी आले. सतत काम दिले की तो मंद होई, विश्रांती दिली की पुन्हा तरतरीत होई. त्या चढउताराचा आलेख काढला तर तो थकलेल्या स्नायूच्या आलेखासारखा दिसे. येथून बसूंची वाट बदलली. १० मे १९०१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी धातू, वनस्पती आणि प्राणी यांचे आलेख शेजारी शेजारी मांडले. पुढच्याच महिन्यात रॉयल सोसायटीत बर्डन-सँडरसन या वृद्ध शरीरशास्त्रज्ञाने त्यांना हरकत घेतली. निबंधाच्या मथळ्यातील ‘प्रतिसाद’ हा शब्द शरीरशास्त्राचा आहे, तो बदलावा, अशी त्याची सूचना होती. बसूंनी शब्द बदलला नाही. निबंध छापला गेला नाही.

पदार्थविज्ञानाच्या माणसाने आमच्या प्रांतात का शिरावे, हा त्या वादातील मूळ आक्षेप. खरे पाहता बसूंचे सामर्थ्य नेमके तेथेच होते. वनस्पतीच्या हालचालीचे मोजमाप घ्यावयाचे, तर ती किती दुबळी आहे हे आधी जाणले पाहिजे. लाजाळूचे पान मिटते ते त्याच्या देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर गाठीतील पेशींचे पाणी झटकन बाहेर जाते म्हणून. त्या पानास धाग्याने तरफ बांधून तिच्या टोकाने काजळी धरलेल्या काचेवर रेघ ओढवावयाची, ही रीत स्नायूंच्या अभ्यासातून आयती मिळाली होती. स्नायूत जोर असतो, त्याला लेखणीच्या घर्षणाचे काही वाटत नाही. पानाला वाटते. लेखणी काचेवर घासली की पान अडते, आणि मग कागदावर उतरतो तो पानाचा प्रतिसाद की काचेचा अडथळा, हे सांगता येत नाही. बसूंनी तोड काढली ती अशी, की लेखणी काचेस सतत टेकूच नये. ती ठरावीक वेगाने कंप पावेल अशी केली, म्हणजे क्षणभर टेकावयाची, ठिपका उमटवावयाचा आणि सुटावयाचे. रेघेऐवजी ठिपक्यांची माळ मिळू लागली. घर्षण जवळजवळ नाहीसे झाले, आणि कंपाचा वेग ठाऊक असल्यामुळे दोन ठिपक्यांमधील अंतर हेच घड्याळ झाले. सेकंदाच्या सूक्ष्म अंशापर्यंत काळ मोजणारे हे यंत्र कलकत्त्याच्या देशी कारागिरांनी बनविले, हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

या यंत्रापुढे बसूंनी वनस्पतींना नाना तऱ्हांचे ताण दिले. क्लोरोफॉर्म दिला, विष दिले, थंडी दिली, विजेचा झटका दिला. लाजाळूत क्षोभाचा संदेश देठातून सेकंदास काही सेंटिमीटर धावतो, थंडीत रेंगाळतो, श्रमाने मंदावतो, हे ठिपक्यांनी लिहून दिले. हळूहळू पाणी तापवीत नेले तर सुमारे साठ अंशांवर झाडाला एक शेवटचा आचका येतो, त्यानंतर प्रतिसाद कायमचा थांबतो. बसूंनी त्यास मृत्यूचा आचका म्हटले. आणखी एक गमतीची नोंद त्यांनी केली आहे. काचेच्या घरात वारा-ऊन न लागू देता वाढविलेले लाजाळूचे रोप दिसावयास टवटवीत असते, पण त्याची संदेश वाहण्याची शक्ती गेलेली असते. त्याला थोडे धक्के बसू दिले की ती परत येते. मुख्य कचेरीतून एकदाही बाहेर न पडलेले आमचे काही स्नेही हे वाचून रागावणार नाहीत अशी आशा आहे.

यानंतर त्यांनी वाढ मोजण्याचे यंत्र केले, त्याचे नाव क्रेस्कोग्राफ. साध्या तरफांचे यंत्र दहा हजारपट मोठे करून दाखवी. चुंबकाचे दुसरे यंत्र त्याच्याही पुष्कळ पुढे गेले. लंडनमध्ये शंका निघाली की हे वाढीचे मोजमाप नसून उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचे वगैरे असावे. एप्रिल १९२० मध्ये बसूंनी तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजात सर्वांसमक्ष प्रयोग केला, आणि लॉर्ड रॅले, बेलिस, ब्लॅकमन आदी शास्त्रज्ञांनी ‘टाइम्स’ पत्रात स्वतःच्या सहीने कळविले की, दशलक्ष ते कोटीपट विस्ताराने वाढ बिनचूक दाखविली जाते. त्याच वर्षी त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले.

येथवरची कथा बंगालात शाळकरी मुलेही सांगतात, आणि ती येथेच थांबवितात. आमच्या मते तसे करणे म्हणजे बसूंचा गौरव करता करता त्यांची नोंदवही मिटून टाकणे होय. त्यांनी काही ठिकाणी नोंदीपलीकडे पाऊल टाकले. मुळांपासून शेंड्यापर्यंत रस चढतो तो खोडाच्या सालीकडील जिवंत पेशींच्या स्पंदनाने, असे त्यांनी १९२३ सालच्या ग्रंथात मांडले. तो सिद्धान्त शास्त्राने स्वीकारला नाही. पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनाच्या ओढीने पाण्याचा सलग स्तंभ वर खेचला जातो, हा डिक्सन व जॉली यांचा विचारच टिकला. वनस्पतीच्या ‘मज्जातंतूं’विषयी ते बोलत तेव्हा शास्त्रज्ञ बिचकत आणि भाविक टाळ्या वाजवीत; दोन्ही गोष्टी संशोधनास सारख्याच मारक ठरल्या. १९१६ मध्ये इटलीच्या रिक्का याने, लाजाळूत संदेश वाहतो तो जखमेतून सुटलेल्या रसायनामुळे, असे प्रयोगाने दाखविले, तेव्हा वीज की रसायन असा झगडा लागला. बसू २३ नोव्हेंबर १९३७ रोजी निवर्तले. झगडा तसाच राहिला, आणि त्यांची यंत्रे पुढे बहुतांशी काचेच्या कपाटात गेली.

त्याच काळात त्याच शहरातल्या विद्यापीठात एक मराठी वनस्पतिशास्त्रज्ञ अध्यापन करीत होते, हे आमच्या वाचकांस सांगण्याचा मोह आवरत नाही. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मालवणचे. १९१४ पासून १९४६ पर्यंत कलकत्ता विद्यापीठातील रासबिहारी घोष अध्यासन त्यांच्याकडे होते. मध्यंतरी पहिल्या महायुद्धात ते जर्मनीत अडकून पडले होते. निवृत्तीनंतर पुण्यास जाऊन त्यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभारली. तिचीच पुढे आघारकर संशोधन संस्था झाली. त्यांचा पिंड बसूंहून निराळा, वर्गीकरणाचा व संग्रहाचा. परंतु तरुणपणी, १९११ च्या सुमारास, त्यांना सह्याद्रीच्या नद्यांत गोड्या पाण्यातील जेलीफिश सापडला होता, आणि कलकत्त्याच्या म्युझियमच्या ॲनंडेल याने त्याचे शास्त्रीय वर्णन केले होते. पारदर्शक, बोटभरही नसलेल्या प्राण्याचे एवढे कौतुक कशाला, असे त्या वेळी कोणी विचारलेही असेल. त्या शोधाचा पुढील कथेशी संबंध नाही. पण त्या प्राण्याच्या दूरच्या आप्ताचा मात्र आहे.

हा आप्त पॅसिफिक महासागरात राहतो आणि डिवचला की कडेने हिरवा चकाकतो. १९६२ साली ओसामू शिमोमुरा या जपानी शास्त्रज्ञाने त्याच्यापासून दोन प्रथिने वेगळी केली. एक कॅल्शियमचा स्पर्श होताच प्रकाश देते. दुसरे निळा प्रकाश पिऊन हिरवा परत करते. दुसऱ्याबद्दल त्यांना आणखी दोघा शास्त्रज्ञांसह २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आता पेशीचा गुणधर्म असा, की तिच्या अंतरंगात मोकळे कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी कमी असते. तिला आघात झाला, थंडी वाजली, चावा बसला, की बाहेरचे दरवाजे उघडून कॅल्शियम आत घुसते. तीच तिची पहिली हाक. म्हणून या प्रथिनाचे जनुक पेशीत घातले, तर पेशी स्वतःच दिवा तयार करते आणि ताण पडताच स्वतःच तो लावते. १९९१ साली एडिंबरोच्या संशोधकांनी तंबाखूच्या रोपांत असे प्रथिन घडविले. रोपास हात लावला किंवा थंड पाणी घातले की त्यातून प्रकाश निघे. बसूंची लेखणी पानाच्या बाहेर होती, ही लेखणी पेशीच्या आत जाऊन बसली.

पुढची प्रगती आणखी थक्क करणारी आहे. मात्सुत्सुगु तोयोता व सायमन गिलरॉय यांनी २०१८ मध्ये मोहरीच्या कुळातील एका लहानशा रोपाचे चलच्चित्र प्रसिद्ध केले. सुरवंट एक पान कुरतडतो. त्या जागी प्रकाश उमटतो, सेकंदास सुमारे एक मिलिमीटर या गतीने देठातून चालू लागतो, आणि दोन-एक मिनिटांत न चावलेली पाने उजळतात. ती पाने मग कीटकास नकोसे होणारे रस करू लागतात. या लाटेस चालना देणारे द्रव्य ग्लुटामेट. ते ज्यांवर काम करते त्या दरवाजांचा विद्युत् संदेशाशी असलेला संबंध लोझानच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्येच दाखविला होता. म्हणजे रसायनही खरे आणि वीजही खरी. रिक्का आणि बसू एकाच वस्तूची दोन टोके धरून भांडत होते. २०२२ साली जपानात खुद्द लाजाळूवर हाच प्रयोग झाला. पान मिटण्यापूर्वी क्षणांशभर त्या गाठीत कॅल्शियमचा प्रकाश चमकतो, हे डोळ्यांनी दिसले. ज्या गाठीशी बसूंनी धागा बांधला होता तीच ही.

या रीतीलाही तिचे घर्षण आहे. चमक पाहावयाची तर पेशीवर तीव्र प्रकाश टाकावा लागतो, आणि तो प्रकाशच पेशीस भाजून काढतो. मग पडद्यावर दिसते ते दिलेल्या ताणाचे फळ की निरीक्षणाच्या प्रकाशाचे? २००४ साली जर्मनीत प्रकाशाचा पातळ पडदा बाजूने सोडून, पाहावयाचा तेवढाच थर उजळण्याची युक्ती निघाली. कंप पावून सुटणाऱ्या लेखणीमागील तत्त्वच येथे दुसऱ्या वेषात आले आहे.

आता बराकपुरास परत येऊ. गंगेकाठी मणिरामपूर म्हणून भाग आहे. १८९५ च्या पुण्याच्या काँग्रेसचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांचे घर याच भागात. तेथेच देशांतर्गत मत्स्यव्यवसायाची मध्यवर्ती संशोधन संस्था आहे. तिचा जन्म १९४७ चा. उष्णता वाढली की पेशी काही विशिष्ट रक्षक प्रथिने भराभर बनवू लागते, याचा पहिला सुगावा १९६२ मध्ये इटलीच्या रितोसा याच्या फळमाशीवरील कामातून लागला. या संस्थेतील संशोधकांनी ओडिशातील अत्री येथील उन्हाळ्याच्या, म्हणजे गरम झऱ्याच्या, ओघात राहणारे मरळ मासे घेऊन, त्यांच्या यकृतातील अशा प्रथिनांच्या जनुकांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. नदीचे पाणी तापत चालले असता कोणता मासा कोठवर तग धरील, हा भाकरीचा प्रश्न आहे. पण यकृत हाती यावयाचे तर मासा मारावाच लागतो. तेथे अजून अहवालाचीच रीत आहे, आणि त्यात संशोधकांचा दोष नाही. गावाच्या दुसऱ्या अंगास नीलगंज येथे तागाची संशोधन संस्था आहे. साचलेल्या पाण्यात पांढरा ताग उभा राहतो आणि तोषा ताग गुदमरतो, या शेतकऱ्यांच्या जुन्या अनुभवामागे पेशीत काय घडते, हा तेथला विषय आहे.

मणिरामपूरच्या संस्थेने गेल्या काही वर्षांत फरक्क्याच्या धरणाखाली इलिश पकडून, काहींना खुणेच्या चकत्या लावून, ते धरणावर सोडण्याचे काम चालविले आहे. १९७५ पासून त्या धरणाने माशांची वरची वाट अडविली आहे. खूण लावलेला मासा पुढे कोठे सापडला ते कोळी कळवितात, आणि तेवढीच त्याच्या प्रवासाची नोंद. काम सोपे नाही. बुखाननने ज्याचे वर्णन केले तो हा मासा पाण्याबाहेर काढला की पाहता पाहता मरतो, आणि हाताळताना खवले निघाले तरी वाचत नाही. म्हणून चकती लावणाऱ्याचा हात हलका आणि झटपट लागतो.